पैनगंगेच्या खालच्या अंगाला

मेहकरला विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि मग काळा फत्तर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला लाव्हा तो. गावातल्या जुन्या वाड्यांची जोती त्याच दगडाची, कंचनीच्या महालाची टेकडी त्याचीच. 1888 साली जमिनीखालून निघालेली शारंगधर बालाजीची उंच मूर्तीही काळ्या पाषाणाची. सिमेंटला लागणारा चुनखडीचा खडक इथं नाही, त्यामुळे सिमेंटचा कारखानाही इथं कधी निघाला नाही. तरी माझ्या लहानपणी आमच्या घरी सिमेंट कारखान्याचा पैसा येत असे. दर महिन्याला, मनिऑर्डरनं. पोस्टमन आला की आजी हात पदराला पुसत बाहेर यायची आणि अंगठा उठवायच्या आधी फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी त्याच्याकडून वाचून घ्यायची. पैसे काकांनी पाठवलेले असत, पार चंद्रपूर जिल्ह्यातून.

कारखाना आणि गाव यांच्या नात्याबद्दल बोलताना माणसं चिमणीच्या सावलीतली गावं मोजतात. ज्यांची जमीन गेली, ज्यांच्या पिकावर धूळ बसली, ज्यांच्या पोरांना नोकरी लागली ती गावं. ते बरोबरच आहे. पण ज्या गावांनी आपली माणसं तिकडं दिली, ती कुठल्याच हिशेबात येत नाहीत. मेहकर तसं आहे. काका गेल्यापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

मेहकर आणि तो मुलूख यांना जोडणारी एक गोष्ट मात्र आधीपासून होती, ती म्हणजे नदी. पैनगंगा अजिंठ्याच्या रांगेत बुलढाण्याजवळ उगम पावते, मेहकरच्या अंगावरून वाहते, पुढे वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळच्या सीमा आखत सहस्रकुंडाला कड्यावरून उडी घेते आणि चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ वढ्याला वर्धा नदीला मिळते. तिच्या खालच्या अंगाला वणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत, आपल्या काळ्या फत्तरापेक्षा कितीतरी पुराणे, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्या खडकांच्या गटाला पैनगंगेचंच नाव आहे. हे मला काकांनी सांगितलं. कारखान्यातल्या कुणा भूगर्भतज्ज्ञ साहेबाकडून त्यांनी ते ऐकलं होतं, आणि सांगताना त्यांना इतका आनंद होई, जणू ती खाण नदीनं मेहकरच्या पोरासाठी राखून ठेवली होती. "तुमी इथं भांडे धुता," ते माझ्या आईला म्हणायचे, "आन् तेच पाणी मले तिथं प्या लागते, वहिनी."

आमचं घर गवंड्याचं. आजोबांना सगळे आबा म्हणत. आबा चुन्याचे गवंडी होते. खडक नसला तरी काळ्या मातीत आणि नाल्यांच्या काठांवर चुनखडीचे खडे सापडतात. उन्हाळ्यात ते वेचून आणायचे, लाकूड आणि गोवऱ्यांच्या थरांत रचून भट्टी लावायची. भाजून निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी सोडलं की तो उकळ्या मारत विझायचा. मग घाणी. जमिनीत गोल चर, त्याला दगडी अस्तर, मधे खुंटा आणि खुंट्याला बांधलेलं दगडी चाक. बैल फिरायचा आणि चाकाखाली चुना, रेती, विटांची सुरखी रगडली जायची. त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा भिजवलेला गर. उडदाचं पीठ कधी घालायचं आणि कधी नाही, हे आबा हवा बघून ठरवत. तयार झालेला चुना ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून बघायचे, बोटं लांब करायचे, आणि मान हलवायचे. मान हलली नाही तर बैल पुन्हा जुंपला जायचा. आबांच्या हाताची बोटं चुन्यानं खाल्लेली होती. नखांच्या कडा पांढऱ्या आणि चिरलेल्या; त्यांनी भाकरी कुस्करली की मिठाच्या जागी थोडा चुनाच कालवणात गेला असेल असं मला लहानपणी वाटे.

मग सिमेंट आलं. अर्थात ते आधीही होतं, धरणांत आणि सरकारी इमारतींत; पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ते सामान्य माणसाच्या हाती लागत नसे. त्या काळी सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परमिट काढायचं, तहसिलीत खेटे घालायचे, पाहिजेत पन्नास पोती तर मिळायची दहा. त्या टंचाईनं महाराष्ट्राचा एक मुख्यमंत्री घालवला. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात प्रतिष्ठानासाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी 1982 मध्ये बॅरिस्टर अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं, आणि मार्च 1989 मध्ये ते पूर्ण गेलं. या दोन तारखांच्या मधल्या सात वर्षांत आमच्या घाणीचा बैल विकला गेला. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टी एका पानावर येणार नाहीत, पण आमच्या अंगणात त्या एकत्रच आल्या.

आबांकडे येणारी माणसं कमी झाली. जी येत ती म्हणत, "बुवा, चुन्याले लई दिवस लागतात." हे खरं होतं. चुना हवेतूनच घट्ट होतो, वर्षानुवर्षं. सिमेंट पाणी लागताच धरतं आणि महिन्याभरात अंगावर जबाबदारी घेण्याइतकं होतं. स्लॅब तर चुन्यात होतच नाही. धाब्याच्या घराला दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकावी लागे. पहिल्या पावसात ते कुठं ना कुठं गळेच. पक्की स्लॅब मागणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. गळणाऱ्या घरात रात्रभर भांडी सरकवणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

काकांनी आयटीआय केलं होतं. 1983 साली आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना सुरू झाला, गडचांदूरला माणिकगड उभा राहत होता, घुग्घुसजवळ सिमेंटनगरला एसीसीचा चांदा सिमेंट वर्क्स त्याआधीपासून चालू होता. सगळीकडे माणसं हवी होती. काका तिकडच्या एका कारखान्यात लागले. यवतमाळला गाडी बदलून वणी, वणीहून पुढं मिळेल त्या वाहनानं. जायच्या दिवशी आबा घाणीपाशी बसून राहिले, एसटी स्टँडवर आले नाहीत. घरात ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं हळू आवाजात सांगितली जाई: बापाचा धंदा ज्यानं मारला, त्याच्याच दारात पोरगा चाकरीला गेला.

पहिल्या दिवाळीला काका आले. हातात पेढे होते आणि पिशवीत सिमेंटच्या रिकाम्या तागाच्या गोण्या, धुऊन घडी केलेल्या. आजीनं त्यांची पायपुसणी केली, एकीची पावसाळ्यासाठी खोळ केली. रात्री जेवणं झाल्यावर आबांनी विचारलं, "तुमी तिथं करता तरी काय?" काकांनी सांगायला सुरुवात केली. खाणीत सुरुंग, मग दगड भरडायचा, दळायचा, पीठ करायचं, आणि ते पीठ भट्टीत सोडायचं. "भट्टी?" आबा म्हणाले. "हाव बाबा, भट्टीच. पण आडवी. लोखंडाची नळकांडी, शंभर हातांहून लांब, आतून विटांचं अस्तर. गोल फिरत राह्यते, हळूहळू. एकदा पेटली की रात्रंदिवस इझू द्याची नाही. आत साडेचौदाशे डिग्री." आबांनी डिग्री विचारली नाही. त्यांनी विचारलं, ज्वाळा कोणत्या रंगाची असते, आणि काकांनी खिशातून कापडात गुंडाळलेला निळ्या काचेचा तुकडा काढला. भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा बर्नर या काचेतून आत बघतो. उघड्या डोळ्यांना तिथं फक्त आंधळा उजेड दिसतो. काचेतून ज्वाळेची लांबी दिसते, तिचं टोक दिसतं, भाजला जाणारा माल भिंतीवर किती उंच चढून खाली घरंगळतो ते दिसतं. जाणता माणूस त्यावरून सांगतो, माल कच्चा आहे की जळतोय. काका तेव्हा बर्नरच्या हाताखाली शिकत होते.

आबांनी ती काच डोळ्याला लावून चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमी बी दगडच भाजता." त्या रात्री दोघं उशिरापर्यंत बोलत बसले. चुनखडीचा दगड भाजला की त्यातला वायू उडून जातो आणि वजनाला दगड जवळपास निम्मा राहतो, हे काकांनी कारखान्यात शिकलेलं ज्ञान. आणि भाजलेली कळी उचलली की हाताला हलकी लागते, जड लागली तर ती कच्ची, हे आबांचं. एकच गोष्ट होती ती. त्या दोघांमधला अबोला तिथं संपला. घाणी परत चालली नाही, ते वेगळं.

आम्ही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांकडे जायचो. कॉलनीतल्या क्वार्टर एकसारख्या, पिवळ्या भिंतींच्या. प्रत्येक दारापुढं कडुनिंब आणि त्याच्या पानांवर राखाडी थर. काकू सकाळी अंगण झाडायच्या, दुपारी परत झाडायच्या. शेजारी तेलुगू कुटुंब, पलीकडे बिहारचे फिटर, समोर नागपूरचे क्लार्क. गणपतीत सगळे एकत्र, कार्तिकात वढ्याच्या जत्रेला ट्रॅक्टरनं जायचे. वढ्याला संगमावर विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, त्या भागातली माणसं त्याला विदर्भाचं पंढरपूर मानतात. काका तिथं पाण्यात उतरले की मेहकरच्या दिशेनं तोंड करून ओंजळ सोडत. काकू सांगत, पहिली काही वर्षं ते हे करताना रडायचे.

त्या पिढीच्या कामगाराला सिमेंटची नोकरी म्हणजे एक इज्जत होती. 1958 साली सरकारनं सिमेंट धंद्यासाठी वेतन मंडळ नेमलं तेव्हापासून हा उद्योग पगाराच्या बाबतीत देशभर एका मापानं चालत आला. काका अभिमानानं सांगत की गुजरातच्या आणि मध्य प्रदेशच्या बर्नरला जेवढं मिळतं, तेवढंच मला मिळतं. दवाखाना होता, शाळेची बस होती. भट्टी बंद ठेवून आतल्या विटा बदलायचं काम निघालं की सगळी कॉलनी जागी असे. त्या आठ-दहा दिवसांत काका घरी फक्त आंघोळीला यायचे. भट्टी पुन्हा पेटायच्या वेळी नारळ फुटे, आणि काकू दारात उभ्या राहून चिमणीकडे बघत.

कॉलनीच्या फाटकाबाहेर मात्र वेगळं जग होतं, आणि काकांनी ते आम्हांला दाखवायचं टाळलं नाही. गोंड-कोलामांचा आणि कापूस पिकवणाऱ्या कुणब्यांचा तो मुलूख. दुपारी भोंगा होई आणि मग जमीन हलवणारा सुरुंग. गावातल्या मातीच्या भिंतींना तडे होते. बोंडं फुटायच्या दिवसांत रस्त्याकडेच्या कापसावर धूळ बसे आणि व्यापारी भाव पाडून मागे. काकांच्या पाळीत जवळच्या गावचा एक गडी होता. त्याची जमीन खाणीत गेली होती आणि त्या बदल्यात त्याला नोकरी लागली होती. एका रविवारी तो आम्हांला खाणीच्या काठावर घेऊन गेला. खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला पांढुरका खड्डा, तळाशी खेळण्यातले वाटावेत असे डंपर. त्यानं हात लांब करून समोरच्या रिकाम्या हवेत बोट दाखवलं आणि म्हणाला, "तिथं माही विहीर होती."

मी त्या बोटाच्या दिशेनं कितीतरी वेळ बघत राहिलो. विहीर बुजवतात हे मला ठाऊक होतं. विहिरीच्या भोवतालची जमीनच काढून नेली तर विहीर जाते कुठं? तिथं फक्त एक घार फिरत होती. तो गडी नोकरीवर नाराज नव्हता. त्याची पोरगी कंपनीच्या बसनं शाळेत जात होती, त्यानं मोटारसायकल घेतली होती. पण गावात त्याच्या भावाला नोकरी मिळाली नव्हती, कारण सातबारा एकाच्याच नावानं होता, आणि दोन्ही भाऊ एकमेकांच्या चुलीचं पाणी पीत नव्हते. खाणीनं घेतलेल्या जमिनीचा मोबदला ठरतो, त्याचे कागद होतात. भावांमधल्या या दरीचा कागद कुठंही होत नाही. माझ्या मते कारखान्यानं गावाचं काय केलं याचं उत्तर टनांत आणि एकरांत शोधायला जाणाऱ्यानं आधी या दोन भावांच्या घरी जेवून यावं.

काका त्या गड्याच्या घरी जेवायचे. त्याच्या भावाकडेही. कॉलनीतले फार थोडे लोक फाटकाबाहेरच्या घरांत जेवत, त्यांत काका होते. ते स्वतःही अशाच एका घरातून आलेले होते, जिथून काहीतरी काढून नेलं गेलं होतं.

नंतरच्या काळात पाट्या बदलू लागल्या. 2004 मध्ये लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट धंदा अल्ट्राटेक झाला; 2019 मध्ये माणिकगडही त्याच छत्राखाली गेलं. एसीसी आणि अंबुजा आधी परदेशी होल्सिमकडे आणि 2022 मध्ये अदानी समूहाकडे गेल्या. नारंड्याचा मुरली समूहाचा कारखाना काही वर्षं बंद पडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दालमियांच्या हाती आला. भट्ट्या मोठ्या झाल्या, धूळ धरणारी यंत्रं सुधारली आणि कडुनिंबाची पानं पहिल्यापेक्षा हिरवी दिसू लागली, हे कबूल केलंच पाहिजे. बर्नरच्या निळ्या काचेची जागा पडद्यानं घेतली. आत वातानुकूलित खोलीत बसलेला मुलगा ज्वाळेचा रंग आकड्यांत वाचतो. काकांना त्याचं कौतुक होतं. खटकायचं ते वेगळंच. कायम कामगार निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली. हेल्मेटचा रंग वेगळा, बस वेगळी, दवाखान्याची रांग वेगळी. काका म्हणायचे, "पहिले साहेब मले शिव्या द्याचा, पण नाव घेऊन द्याचा."

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते मेहकरला परत आले. चौतीस-पस्तीस वर्षं राखेच्या रंगाच्या गावात राहिलेला माणूस इथल्या काळ्या मातीत गुडघ्याएवढा रुतून भाजी लावू लागला. तेवढ्यात समृद्धी महामार्गाचं काम आमच्या तालुक्यात आलं. काँक्रीटचा रस्ता, सहा पदरी. काका रोज सकाळी डबा घेऊन काम बघायला जात. पोती ओली ठेवली नाहीत, पाणी कमी मारलं असं दिसलं की ते मजुरांना थांबवत, आणि मजूर ऐकतही. एक-दोघं चंद्रपूरचे निघाले. संध्याकाळी घरी येऊन काका मला सांगत, आज जे सिमेंट आलं ते कोणत्या कारखान्याचं होतं. पोत्यावरचा शिक्का वाचून त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होई.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला. काका त्याआधीच्या पावसाळ्यात गेले. हृदयविकार, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. राख पैनगंगेत सोडायची हे काकूंनी एका शब्दात सांगितलं. आम्ही मेहकरच्या घाटावर गेलो. त्या वेळी नदीला पाणी होतं, पण ते वढ्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नव्हती. मधे इसापूरचं मोठं धरण आहे आणि नदी आता मधे मधे थांबत वाहते. म्हणून काकांच्या मुलानं थोडी राख डब्यात ठेवली आणि वणीमार्गे वढ्याला नेली. तिथं त्याला काकांच्या पाळीतली माणसं भेटली. विहीर दाखवणारा तो गडी आला होता, आणि त्याचा भाऊही.

काकांच्या पेटीत एक वही सापडली. त्यांनी इथल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं होतं, त्याचा हिशेब तिच्यात होता. पायाला इतकी पोती, कॉलमला इतकी, स्लॅबला इतकी, सळईचं वजन, रेतीचे ब्रास. सगळं बर्नरच्या शिस्तीनं, रकाने आखून. शेवटच्या पानावर मात्र एका खोलीचं वेगळं टिपण होतं. "बाबांची खोली, चुन्यात." खाली यादी: कळीचा चुना, चाळलेली रेती, सुरखी, गूळ, बेलफळं, उडीद. प्रत्येकापुढं माप लिहिलेलं. आबांनी कधी तोंडानंही ज्याचं माप सांगितलं नव्हतं, ते काकांनी त्या दिवाळीच्या रात्रीपासून कधीतरी विचारून विचारून काढलं असावं. उडदापुढं माप नव्हतं. तिथं लिहिलं होतं, "हवा पाहून."

मी चौकशी करतोय. पुरातत्त्व खात्याच्या डागडुजीच्या कामांवर चुना मळलेले काही गवंडी अजून आहेत. त्यातल्या एकाचा पत्ता लोणारला लागलाय. त्याच्याकडे घाणी नाही, पण तो म्हणतो, मिक्सरला दगडी चाक लावून निभावता येईल. काकूंची काळजी खर्चाची आहे, आणि ती खोटी नाही. काकांचा मुलगा खोलीला तयार आहे. त्याची एकच अट आहे: पाया सिमेंटचाच घालायचा, आणि पोती बाबांच्या कारखान्यातली आणायची, मग भाडं कितीही लागो. दिवाळी झाली की आम्ही दोघं लोणारला जाणार आहोत.